निळ्या पेन्सिलीची रेघ

टाइल पाणी अडवत नाही. हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी सिद्राम मिस्त्रींनी शिकवलं, तेही ओरडून. "टाइल साडी हाय बाई, साडी! पाणी आडवतं ते आतलं अंग. तुमी लोक साडीचा रंग बघून खूश हुता, आन् आत सगळी बोंब!" मी शाळेत शिकवते. माझ्यावर सहसा कुणी ओरडत नाही, मीच ओरडते. पण त्या दिवशी मी निमूट ऐकून घेतलं, कारण माणूस खरं बोलत होता. खरं बोलणाऱ्यावरच डाफरायची सवय आमच्या घरात आहे, पण ती मला नाही.

मी रागात लिहिते आहे हे लक्षात येईलच. राग निवल्यावर लिहावं म्हणून वर्षभर थांबले. निवला नाही.

जळकोटच्या अलीकडं, महामार्गापासून थोडी आत एक वस्ती आहे. तिथल्या शाळेत मी तुळजापूरहून एसटीनं जाऊन-येऊन नोकरी करते. शाळेत मुलींसाठी नवी स्वच्छतागृहं बांधली आणि दोन महिन्यांत शेजारच्या दुसरीच्या वर्गाची भिंत फळ्यापर्यंत ओली झाली. कंत्राटदार म्हणाला, हवेतला दमटपणा आहे. धाराशिव जिल्ह्यात, मार्च महिन्यात, हवेत दमटपणा! मी भांडत होते तेवढ्यात समोरच्या घरातून पांढराशुभ्र शर्ट घातलेला, सडपातळ, पासष्टीचा एक माणूस आला. कुणाला न विचारता आत गेला. खिशातून नाणं काढून एकेक टाइल वाजवून पाहू लागला.

"कोण रे तू?" कंत्राटदारानं विचारलं.

"म्या गवंडी. तुमी कोण?"

मग त्यांनी एका टाइलच्या कडेत नख घातलं आणि ती टाइल पापडासारखी अलगद हातात आली. मागं नुसती रेती. "चिकटवलं कशानं हे? थुक्यानं?" वर्गातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. कंत्राटदार हसला नाही. त्यानंतर सरकारी कामावर सिद्राम मिस्त्रींना कुणी बोलावलं नाही. मी एकदा वाईट वाटून तसं म्हटलं, तर म्हणाले, "बरं झालं. पोरींच्या मोरीत पाप करून कुठं फेडायचं?"

पुढं दोन वर्षांनी आमच्या घरी प्रसंग आला. आमचं घर तुळजापुरात, जुन्या गल्लीत. मागच्या पिढीपर्यंत पुजारीपण होतं, आता कुणी कारकून, कुणी मास्तर. भिंती हात-दीड हात रुंद, बाहेरून दगड आणि आत पांढरी माती. न्हाणी मागच्या अंगणात, चार पायऱ्या उतरून. त्या पायऱ्यांवरून आई पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण न्हाणीपर्यंत जाणं संपलं. चार महिने मी आणि वहिनी तिला ओल्या फडक्यानं पुसत होतो. रोज दोन वेळा अंघोळ केल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारी बाई ती. एके दिवशी मला म्हणाली, "मला वास येतो का गं?" त्या दिवशी मी ठरवलं की आईच्या खोलीला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत न्हाणीघर करायचं. खुर्चीवर बसून, वरून शॉवरचं पाणी अंगावर पडेल असं.

दादा, माझा थोरला भाऊ, कारकुनीतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "आठ-आठ दिवस नळ येत नाही आणि हिला शॉवर पाहिजे." त्यानं एक पोरगेला ठेकेदार आणला. तो म्हणाला, तीन दिवसांत टाइल लावून मोकळे. मी जाऊन सिद्राम मिस्त्रींना घेऊन आले.

त्यांनी कोठीच्या भिंतीला तळहात लावला आणि बोटाच्या पेरानं दोन-तीन ठिकाणी ठोकून पाहिलं. मग म्हणाले, "बाई, आत माती हाय. एक थेंब जरी आत गेला तर माती खाली बसंल, भिंत पोट काढंल आन् एक दिवस निजल्या जागी आईच्या अंगावर येईल. तीन दिवसात करणाराला आधी ह्या भिंतीखाली निजवा."

आईची खाट त्याच भिंतीच्या पलीकडं होती. मी त्यांना काम दिलं.

रोज सकाळी ते आणि त्यांच्या बायको शांताबाई एसटीनं यायचे. शांताबाई माल कालवायच्या, गेली चाळीस वर्षं त्याच कालवतात. अंगणात आल्यावर मिस्त्री तो पांढरा शर्ट काढून खिळ्याला टांगायचे, मळके कपडे घालायचे, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन पुन्हा तोच शर्ट अंगात. खिशाला पेन नाही, निळी पेन्सिल. मी विचारलं, कामावर येताना एवढा पांढरा कशाला? "काम मळकं असतंय. मानूस कशापायी मळका दिसावा?"

विजारीच्या खिशात एक काचेची गोटी असायची. जमिनीचा ढाळ काढला की ती गोटी चारही कोपऱ्यांतून सोडायचे. कुठूनही सोडली तरी ती पाणी जायच्या जाळीपाशी गेलीच पाहिजे. वाटेत थबकली की शिवी, आणि मग तेवढा भाग पुन्हा. "गोटी थांबली का पाणी थांबलं. पाणी थांबलं का भिंत गेली." शिवी कुणाला असायची ते कळायचं नाही. बहुतेक स्वतःलाच.

दादानं आधीच चकचकीत क्रीम रंगाच्या टाइल आणून ठेवल्या होत्या. मिस्त्रींनी त्यातली एक अंगणात मांडली, वर पाणी ओतलं, साबणाचा फेस केला आणि म्हणाले, "दादा, उभं ऱ्हावा जरा हिच्यावर." दादा रुबाबात उभा राहिला आणि दुसऱ्याच क्षणी तुळशीच्या कट्ट्याला मिठी मारून बसला. "तुमी धडधाकट," मिस्त्री म्हणाले, "आई ऐंशीच्या." टाइल परत गेल्या, खरबरीत करड्या आल्या. दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तो अपमान त्यानं गाठीला बांधून ठेवला, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, हसण्यावारी गेलं.

आता पाण्याचं सांगते. प्यायच्या पाण्याचं.

मिस्त्री आणि शांताबाई आमच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. येताना निळा कॅन आणायचे, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं. मी पहिल्या दिवशी तांब्या-भांडं घेऊन गेले तर म्हणाले, "पाणी आडवायचं काम माझं. पितो घरचं." वहिनीनं त्याच दिवशी दुकानातून कागदी कप मागवले. "मिस्त्रीसाठी," ती म्हणाली. घरात चोवीस कपबशा आहेत. आईच्या काळात वेगळी जर्मनची वाटी असायची कोनाड्यात, ती मी पाहिली आहे. आता वाटी विसळायचीही कटकट नको, एकदा वापरून फेकून द्यायचा कप. काय सोय झाली आहे! मिस्त्री तो कप हातात घ्यायचे, खिडकीत ठेवायचे आणि विसरायचे. संध्याकाळी चहात मुंग्या. मी स्वयंपाकघरात जाऊन कपबशीत चहा ओतला आणि नेऊन दिला, तर तोही खिडकीत गेला. माझा एक दिवसाचा मोठेपणा त्यांना नको होता, आणि बरोबरच होतं.

एकदाच, गोटी सोडता सोडता, ते सहज म्हणाले, "ह्या गल्लीत म्या धा वर्साचा आसताना आलतो. बापाबरुबर, भिताड बांधायला. बाप दीक्षा घेतलेला, ताठ मानंचा. तरीबी पाणी वरूनच. वंजळीत कमी, मातीत जास्ती." मी विचारलं, कुणाच्या घरी? गोटी जाळीपाशी पोचली होती, ती त्यांनी उचलली आणि दुसऱ्या कोपऱ्यातून सोडली.

काम मात्र असं की पाहत राहावं. मातीच्या भिंतीला चिकटून पाणी नकोच म्हणून त्यांनी आतून विटांची वेगळी पातळ भिंत घेतली. तिला गिलावा. जमीन आणि भिंत जिथं मिळतात तिथं काटकोन नाही, गोलाई, कारण पाणी कोपऱ्यातच वाट शोधतं. मग करड्या लेपाचे तीन हात, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा, मधे कोपऱ्यांना जाळीचं कापड. दाराशी चार बोटं उंच उंबरा. टाइल अजून एकही नाही. अठरा दिवस झाले होते आणि दादा रोज विचारत होता, "सिद्राम, अरे टाइल कधी लावणार?" मिस्त्री त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. तो त्यांना अरे-तुरे करायचा, ते त्याला दादा म्हणायचे.

"आधी पाणी," मिस्त्री म्हणाले. "चार दिस भरून ठिवायचं. उतरलं न्हाय तर टाइल. उतरलं तर सगळं फोडायचं."

दादा ओरडला. तुळजापुरात, नळाचा पत्ता नसताना, जमिनीवर पाणी भरून नुसतं बघत बसायचं? मी त्याला न जुमानता गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आणून बारा बादल्या मोजून ओतल्या. जाळीचं तोंड आधीच गच्च बंद केलेलं. बरोबर चार बोटं पाणी चढलं. मिस्त्रींनी पाण्याच्या कडेला निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढली. शेजारी एक घमेलं भरून ठेवलं आणि त्यालाही आतून रेघ. "उन्हानं, वाऱ्यानं पाणी उडतंयच. घमेल्यातलं जेवढं उडंल तेवढंच हितलं उडाय पायजे. त्येच्याहून जास्ती गेलं तर ते उडालं न्हाय, मुरलं." मग मला बजावलं, "बाई, ह्या पाण्याला हात लावायचा न्हाय कुणी."

मी ते घरात सगळ्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं.

ते दिवस घट बसायच्या आधीचे. आमच्याकडं तेव्हा दसरा काढतात, म्हणजे घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं, गोधड्या, चादरी धुऊन काढायच्या. न धुतलेली गोधडी घरात ठेवून घट बसवायचे नाहीत. पाणी असो वा नसो, गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर गोधड्या दिसल्याच पाहिजेत, नाहीतर बायका नावं ठेवतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. गच्चीच्या कठड्यावरून सहा गोधड्या लोंबत होत्या. दारात शिरताना वरून पाणी टपकलं, त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर. त्यांनी वर पाहिलं, हातानं खांदा पुसला आणि आत गेले. मी शाळेला निघाले होते, चप्पल पायात होती.

जाता जाता मी आत डोकावले. ते उकिडवे बसले होते. घमेल्यातलं पाणी रेघेच्या केसभर खाली होतं. जमिनीवरचं दोन बोटं उतरलं होतं.

त्यांनी भिंतीला हात लावला. गल्लीतून फिरून बाहेरच्या अंगाला हात लावला. आईच्या खोलीत जाऊन तिकडून लावला. सगळीकडं कोरडं. "भाईर न्हाय आलं म्हंजी आत मुरलंय," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. तेव्हा शांताबाई पहिल्यांदा बोलल्या. "माल म्या कालवलाय. माझा माल गळत न्हाय. दुसरं कायतरी हाय." मिस्त्री त्यांच्यावर खेकसले, "तुझा माल न्हाय गं, माझा हात! हात गेला माझा!" आणि उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघत राहिले.

दोन दिवस हातोडा चालला. अठरा दिवसांचं काम त्यांनी स्वतःच्या हातानं फोडलं. गोलाई, लेप, ढाळ, सगळं. आई खाटेवरून विचारत होती, "काय गं, काय झालं? माझं न्हाणीघर पाडतात का?" वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. दादा ओट्यावर पेपर वाचत बसला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माणूस चांगला होता, पण आता हात गेला. स्वतःच कबूल करतो, स्वतःच फोडतोय बघा." तुळजापूर केवढंसं! आठवड्यात हे गवंड्यांच्या नाक्यावर पोचलं. ठरलेली दोन कामं लोकांनी काढून घेतली.

मिस्त्रींनी सगळं पुन्हा उभं केलं. दुसऱ्या वेळी त्यांची गोटीही गप्प होती, शिवी नाही की बोलणं नाही. पाणी भरायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाला, टाकी रिकामी आहे. तर ते दुसऱ्या दिवशी वस्तीवरून टेम्पोत पाण्याचा ड्रम घेऊन आले. आमच्या घरात पाणी धरतंय की नाही हे बघायला पाणी त्यांच्या घरून आलं. चार दिवसांनी पाणी रेघेच्या केसभर खाली, घमेल्यातल्याइतकंच. मी म्हटलं, "बघा, धरलं!" ते म्हणाले, "व्हय. ह्या टायमाला धरलं."

टाइल लागल्या, दिवाळीच्या आधी आईनं खुर्चीवर बसून अंघोळ केली. अर्धा तास केली. बाहेर आली तेव्हा तिचे ओले पांढरे केस चेहऱ्याला चिकटले होते आणि ती म्हणाली, "मिस्त्रीला बोलाव, मला त्यांच्या पाया पडायचंय." मिस्त्री अंगणात शर्ट घालत होते. पाया पडायचं म्हटल्यावर दचकले. "न्हाय न्हाय आई," म्हणाले, आणि मला म्हणाले, "वरसानं येतो. भिंत बघाया." प्रत्येक कामावर ते वर्षानं एकदा न बोलावता जायचे, भिंतीला हात लावून यायचे. मग ते दोघं एसटी गाठायला निघून गेले.

दिवाळीनंतर पहिली कडक थंडी पडली. आईसाठी जाड गोधडी काढली, आणि ती हातात असतानाच माझ्या डोक्यात आलं, की ही धुतली कशानं? दसरा काढला त्या आठवड्यात नळ आलाच नव्हता. टाकीतलं पाणी मी न्हाणीघरात ओतलं होतं.

मी गोधडी घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेले. वहिनीनं माझ्या हातात काय आहे ते पाहिलं आणि काही विचारायच्या आधीच म्हणाली, "दोनच बादल्या घेतल्या हो."

"आणि तो माणूस दोन दिवस फोडत होता तेव्हा तोंडात काय धरून बसला होतात?"

"मी ह्यांना सांगितलं होतं. हे म्हणाले, गप्प बस."

दादाला विचारलं. त्याला लाजही वाटली नाही. "काय सांगायचं? सिद्रामला जाऊन सांगायचं की तुझं पाणी आम्ही चोरलं? आपण? ह्या घराची काही पत आहे की नाही? आणि झालं ते बरंच झालं, दुप्पट पक्कं झालं की काम." दुप्पट पक्कं! पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, त्यांनी जपून ठेवलेलं पाणी चोरायला ह्या घराची पत आड आली नाही. कबूल करायला मात्र आडवी आली. मी त्या दिवशी दादाला जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही.

पण माझंही सांगते, नाहीतर ह्या रागाला काही अर्थ नाही. मी दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडं गेले नाही. त्यांचं घर माझ्या शाळेसमोर. खिडकीतून दिसतं. मी शाळेत असताना आईचं सगळं वहिनीच करते, तिनं हात आखडला तर माझी नोकरी संपली, असा हिशोब करत मी अकरा दिवस त्या खिडकीला पाठ करून शिकवलं. मिस्त्री कामाला जात नव्हते. ओट्यावर बसलेले दिसायचे, तो पांढरा शर्ट घालून. अकरा दिवस मूग गिळून बसणारीला भावावर ओरडायचा कितपत हक्क आहे, मला माहीत नाही. तरी मी ओरडते.

बाराव्या दिवशी मधल्या सुट्टीत गेले. उभ्यानंच सांगितलं. "मिस्त्री, तुमचं पहिलं काम गळलं नव्हतं. आमच्या वहिनींनी त्यातलं पाणी काढलं होतं. दोन बादल्या."

मला वाटलं, रडतील किंवा शिव्या देतील. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं मोजली.

"बारा बादल्यांचं चार बोटं चढलं. म्हंजी बोटाला तीन. दोन बोटं उतरलं." डोळे उघडले. "सा बादल्या, बाई. दोन न्हाय. आजून खोटंच सांगत्यात तुमच्या घरातले."

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"दसरा काढला," ते म्हणाले. "सा गोधड्या वाळत हुत्या. माझ्या खांद्यावर टपकलं ते माझंच पाणी हुतं, आन् म्या ते पुसून आत गेलो." मग एकदम उठून उभे राहिले आणि आवाज चढला, वर्गातल्या पोरी खिडकीत आल्या एवढा चढला. "आवो, मागितलं आसतं तर म्या न्हाई म्हणलो आसतो का? पाण्याला न्हाई म्हणायचं आसतं व्हय कुणाला? चार दिस थांबलो आसतो, पुन्यांदा भरलं आसतं! दोन महिनं झालं, म्या हा हात उशाखाली घिऊन निजतोय. चमचा धरताना बघतोय थरथरतो का. आन् दादा ओट्यावर बसून पेपर वाचत हुते!"

आतून शांताबाई आल्या. त्यांच्या हातात पिठाचा डबा होता. झाकण काढून त्यांनी पिठात हात घातला आणि मिस्त्रींची थापी बाहेर काढली. "इकाया काढली हुती ह्यांनी. म्या लपवली," त्या मला म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "म्या म्हणलं हुतं का न्हाय, माझा माल गळत न्हाय?" मिस्त्रींनी मान खाली घातली. शांताबाईंनी मला पाणी दिलं. मी प्यायले. बादल्या चोरणाऱ्या घरातली बाई त्यांच्या घरचं पाणी प्यायली आणि त्यांनी ते स्वच्छ घासलेल्या फुलपात्रातून दिलं.

निघताना मिस्त्री म्हणाले, "बाई, तुमी आलात, बरं केलं. पर तुमी सांगून भागत न्हाय. दादांनी सांगावं. जिथं बसून बोलले तिथंच. एकदा."

दादानं सांगितलं नाही. मी महिनाभर मागं लागले, जेवण सोडलं, बोलणं सोडलं. आईनं सांगितलं, त्यानं आईचंही ऐकलं नाही. मिस्त्रींनी पुन्हा थापी धरली, पण तुळजापुरात काम मिळालं नाही. भूमकडं मेव्हण्याच्या ओळखीनं जायचे, आठ-आठ दिवस तिकडंच राहायचे. मी भेटेल त्या गवंड्याला खरं काय ते सांगत राहिले. लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे. बाईमाणसाचं बोलणं आणि ओट्यावरच्या पुरुषाचं बोलणं ह्यांचं वजन आमच्याकडं अजून सारखं नाही.

मग पुन्हा दसरा काढायचे दिवस आले. वर्ष भरायला थोडे दिवस कमी होते. गच्चीवर गोधड्या वाळत होत्या. मी दारात आले तर गल्लीत मिस्त्री उभे. पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल, हातात कापडी पिशवी. घराचं जोतं उंच आहे, त्यामुळं न्हाणीघराची जमीन गल्लीतून छातीएवढी वर येते. त्यांनी त्या उंचीवर भिंतीला हात लावला. मग खाली, मग बाजूला. मग कान लावला.

"कोरडी हाय," ते म्हणाले. "दादा हाईत?"

मी आत गेले. दादा खुर्चीत होता. "बाहेर ये," मी म्हटलं, "एक वाक्य बोलायचंय तुला." तो पेपरमधून मान न काढता म्हणाला, "घरी नाही म्हणून सांग."

मी बाहेर आले आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा घरात आहे. पण बाहेर येत नाही."

मिस्त्रींनी मान हलवली. पेन्सिल काढली. भिंतीवर, आत जिथपर्यंत पाणी चढलं होतं बरोबर त्या उंचीला टोक टेकवलं आणि डावीकडून उजवीकडं चालत गेले. पट्टी नाही, दोरी नाही, थांबणं नाही. पाच-सहा फूट निळी रेघ. मग पिशवीतून बुडबुड्याची लेवल काढली आणि माझ्या हातात दिली.

"बघा तुमी. माझ्यावर इश्वास ठिवू नका."

मी लेवल रेघेवर धरली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. मी दुसऱ्या टोकाला धरली. मधोमध. गल्लीतली चार माणसं जमली होती, त्यांनीही पाहिलं. मिस्त्रींनी लेवल परत घेतली, पुसली, पिशवीत ठेवली. मी पाणी विचारलं. "तहान हाय," ते म्हणाले, "पर ह्या घरचं नको." आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले. वर गोधड्या टपकत होत्या. ह्या वेळी ते भिंतीपासून दोन हात लांबून गेले, शर्टावर थेंब पडू दिला नाही. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. महिनाभरानं भूमच्या कामावरून येताना ते एसटीतच गेले, बसल्या जागी. मातीला मी गेले. दादा आला नाही.

दिवाळीला दादानं बाहेरच्या भिंतीला रंग देऊन घेतला. एरवी तो दर वर्षी रंग देत नाही. मी शाळेतून आले तर रेघ नाही. शांताबाईंकडून मी ती निळी पेन्सिल मागून आणली. माझा हात मिस्त्रींसारखा नाही, मला पट्टी लागते, लेवल लागते, मधे दोनदा पुसावं लागतं. पण रेघ आहे. गल्लीतून जाणारा विचारतो, ही कसली रेघ? मी सांगते, सहा बादल्यांची. मग सगळं सांगते, दादा ओट्यावर बसलेला असला तरी.

न्हाणीघराची भिंत कोरडी आहे. दादाही आता तिथंच अंघोळ करतो. पुढच्या दिवाळीला त्यानं पुन्हा रंग दिला, तर मी पुन्हा ओढीन.